२०१८ ची डिझेल ब्रेझा, ९२ हजार किमी: घ्यावी का, आणि काय काय तपासावं?

कराड_चिपळूण
नमस्कार मंडळी. पुण्यात मारुतीची एक डिझेल व्हिटारा ब्रेझा (झेडडीआय मॉडेल) बघून ठेवली आहे. २०१८ ची, एमएच १२ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर ९२ हजार. ६ लाख १० हजार म्हणताहेत. ६० हजारांपर्यंत कंपनीच्या वर्कशॉपचे शिक्के आहेत, पुढचं काम बाहेरच्या गॅरेजात झालंय आणि त्याची बिलं नाहीत. आमचा वापर महिन्याला दीड हजार किमीच्या आसपास, बराचसा कराड–पुणे हायवे, अधूनमधून कुंभार्ली घाट. या इंजिनात नेमकं काय जातं? की २०२० नंतरची पेट्रोल बघावी?

पाना_दहा_बारा
हे फियाटच्या घराण्यातलं १२४८ सीसीचं इंजिन, ताकद ९० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ २०० एनएम. दणकट आहे, पण त्याचं सगळं आयुष्य ऑइलवर. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून तिकडे बघायलाच नको असं अनेकजण धरून चालतात. ती चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेत बदललं नाही की ते काजळीने जड होतं आणि चेन, गाइड, टेन्शनर तिन्ही झिजतात. सैल चेन दातावरून सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, रॉकर आर्म तुटतात. त्यामुळे मला मीटरवरच्या ९२ हजारांची काळजी नाही, बिलं नसलेल्या शेवटच्या ३२ हजारांची आहे.

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर त्या दिवशीची तपासणी वाया गेली, परत जा. थंड इंजिनाला स्टार्टर मारला की गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाकडे कान द्या. क्षणभर खळखळ येऊन थांबली तर टेन्शनर थकायला लागलाय. गरम झाल्यावरही येत राहिली तर चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) असा पूर्ण संच धरूनच भाव करा. त्यासाठी पुढचं कव्हर आणि ऑइल संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीही मोठी.

मग प्लास्टिक कव्हर काढून डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरची बुडं बघा. तिथे डांबरासारखा काळा थर असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर किरकोळ किमतीचा, पण दुर्लक्ष झालं की तो थर दगडासारखा घट्ट होतो आणि इंजेक्टर उपसताना तुटायची भीती असते. इंजिन गरम झालं की आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ चालते, धक्क्याधक्क्याने धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग गेल्यात, गाडी सोडून द्या. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल तर त्यात डिझेल उतरतंय का ते बघायला हवं.

टर्बो चालवून कळतो. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. २००० च्या आसपास गाडीने ठाम ओढ घ्यायला हवी. काळा धूर आणि फुस्स आवाज आला तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप फाटलाय, हे स्वस्तातलं काम. धूर नाही, आवाज नाही आणि ओढही नाही, तर ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोच्या आतल्या पात्या काजळीने अडकल्यात.

आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावाच. फॉल्ट कोड कोरा दिसला म्हणून खूश होऊ नका. कोड पुसल्यानंतर गाडी किती किमी चालली हा आकडा वेगळा दिसतो. तो पाच-दहा किमी असेल तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी कोड पुसलेत.

लिंकरॉड
इंजिनाचं वर आलंच आहे, मी खालचं सांगतो. स्पीडब्रेकरवरून तिरकी काढा, टक-टक आली तर बहुतेक सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, हे काम फार खर्चाचं नाही. स्टिअरिंग जागेवर पूर्ण वळवताना कटकट झाली तर स्ट्रटचं (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं) वरचं बेअरिंग.

क्लच मात्र नीट बघा. २००० च्या खाली ही गाडी सुस्त असते, म्हणून घाटात आणि ट्रॅफिकमध्ये लोक हाफ क्लचवर रेस देतात आणि प्लेट जळते. चौथ्या गिअरमध्ये हळू वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतोय पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला.

टायर २१५/६० आर१६. बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. पुढचे दोन नवे आणि मागचे २०१८ चे असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, मागचे बदलायचेच. स्टेपनी काढून डिकीचा पत्रा आणि वेल्डिंगचे ठिपके बघा, मागून ठोकलेली गाडी तिथे बहुतेक कळते. पुण्याची गाडी आहे, पाण्यात गेलेली नाही ना तेही बघा: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत मातीची रेघ दिसते.

आरसी_फाइल
कागदांचं थोडक्यात. मूळ पासिंग महाराष्ट्राचंच आहे ना ते आरसीवर बघा, कारण दिल्ली भागात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा नियम आला, त्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे विकायला आल्या. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. ई-चलन आधीच्या मालकाकडून भरून घ्या. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, त्यामुळे नंतर बसवायची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर पाटी) बसलेली हवी. विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो धरून हिशेब करू नका.

कराड_चिपळूण
खूप आभार. पेट्रोलचं काय?

पाना_दहा_बारा
पेट्रोलला १४६२ सीसीचं इंजिन, १०५ पीएस, पण टॉर्क १३८ एनएम. शहरातल्या छोट्या फेऱ्या असत्या तर मी तेच घ्या म्हटलं असतं, डिझेलचं ईजीआर अशा वापरातच तुंबतं. तुमचा वापर हायवेचा आणि घाटाचा, तुम्हाला डिझेलच. थंड स्टार्ट स्वच्छ निघाला आणि क्लच ठीक असला तर बिलं नाहीत हे दाखवून भाव पाडा. घेतल्याबरोबर ५डब्ल्यू३० ग्रेडचं ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला. पुढचं ऑइल नेहमीच्या १० हजार किमीची वाट न बघता ५ हजारांवर काढा, जुनी काजळी त्यातूनच बाहेर येते. चेनचा आवाज असेल आणि मालक भावात हलत नसेल तर दुसरी बघा, बाजारात ही गाडी भरपूर आहे.