२० मिलिहर्ट्झची तरंगलांबी: १५ मीटर की दीड कोटी किलोमीटर?

डोंबिवलीकर
साउंड कार्डवर चालणारा व्हीएलएफ (अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओ लहरींचा) रिसीव्हर बनवतोय. त्याआधी आकडेमोड कोणी तपासून द्याल का? सगळीकडे एकच सूत्र लावलं: प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता.

तिरुनेलवेलीजवळचं नौदलाचं केंद्र १८.२ किलोहर्ट्झ, म्हणजे १६.४७ किमी. शुमान अनुनाद, म्हणजे जमीन आणि वातावरणाचा वरचा विद्युतवाहक थर यांमधल्या पोकळीत घुमणाऱ्या लहरी, ७.८३ हर्ट्झ, म्हणजे ३८,२८८ किमी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली स्पंदनं २० मिलिहर्ट्झ. इथे ऑनलाइन कॅल्क्युलेटर १५ मीटर सांगतो आणि हाताने केलं तर दीड कोटी किमी येतात. खरं कुठलं? शिवाय पाव तरंगलांबीची अँटेना म्हटली तर १८.२ ला चार किलोमीटर तार लागेल. सोसायटीच्या गच्चीवर ती मावायची कशी?

पनवेलकर
१५ मीटर ही एककाची चूक आहे. कॅल्क्युलेटरमध्ये लहान एम म्हणजे मिली, मोठा एम म्हणजे मेगा; दोन्हींत शंभर कोटी पटींचा फरक. तुमच्याकडून मेगा निवडलं गेलंय.

१ हर्ट्झच्या खाली भागाकार करूच नका, आवर्तकाल घ्या. २० मिलिहर्ट्झ म्हणजे ५० सेकंदांचं एक आवर्तन. ३ लाख किमी गुणिले ५०, दीड कोटी. शून्यं चुकायची भीती नाही.

पण हे उत्तरही भौतिकीत बसत नाही. सूर्याच्या बाजूला पृथ्वीचं चुंबकावरण साधारण १० पृथ्वी-त्रिज्यांवर, म्हणजे ६४,००० किमीच्या आसपास संपतं. त्यात दीड कोटी किमीची लाट मावणार कुठे? ही स्पंदनं प्रकाशाच्या वेगाने जात नाहीत, ती आल्फव्हेन वेगाने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्मामधून (विद्युतभारित वायूमधून) लाट जाते त्या वेगाने, जातात. तो वेग चुंबकीय क्षेत्र आणि प्लाझ्माची घनता यांवर ठरतो, त्यामुळे जागोजागी बदलतो. सेकंदाला १,००० किमी धरला तर ५०,००० किमी. आधी वेग कुणाचा ते ठरवायचं, मगच भागाकार.

शुमानच्या बाबतीतही हाच घोळ होतो. पृथ्वीचा परिघ ४०,०७५ किमी, त्यावरून ७.५ हर्ट्झ येतात आणि सगळे म्हणतात, जमलं. ही जुळणी फसवी आहे. गोलाकार पोकळीत पहिल्या अनुनादासाठी २ च्या वर्गमुळाने गुणावं लागतं, तेव्हा १०.६ येतात. आयनांबर (पोकळीचा तो वरचा थर) आदर्श वाहक नाही, त्यातल्या ऱ्हासामुळे तो आकडा ७.८३ पर्यंत उतरतो. तुमचे ३८,२८८ किमी हे निर्वातातले.

खारं_पाणी
१८.२ चे १६.४७ किमीसुद्धा फक्त हवेतले. तीच लहर समुद्रात शिरली की वारंवारता तशीच राहते, तरंगलांबी मात्र ११.७ मीटर होते! खाऱ्या पाण्याची वाहकता मीटरला ४ सीमेन्स धरा. वाहकता गुणिले हर्ट्झ, त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने ५०३ ला भागा. १.८७ मीटर ही त्वचाखोली (लहर पाण्यात किती आत शिरते त्याचं माप) आली, तिला २π ने गुणलं की तरंगलांबी. दर १.८७ मीटरला क्षेत्र ३७ टक्क्यांवर उतरतं, म्हणून पाणबुडीला संदेश घ्यायला पृष्ठभागाजवळ यावं लागतं. अमेरिकेने ७६ हर्ट्झ वापरले ते याचसाठी. तिथे त्वचाखोली सुमारे २९ मीटर आहे.

लॅमिंग्टन_रोड
सिग्नल नुसता घेण्यासाठी पाव तरंगलांबीची अँटेना लागतच नाही. एक मीटर चौरस लाकडी चौकट, त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या वाइंडिंग वायरचे ५० वेढे. तार २०० मीटर, रोध साधारण १७.५ ओहम. मिळणारा विद्युतदाब = २π × वेढे × क्षेत्रफळ × विद्युतक्षेत्र, भागिले तरंगलांबी. मीटरला १ मिलिव्होल्ट धरलं तर १९ मायक्रोव्होल्ट. इथे तरंगलांबी मीटरमध्येच घाला, किलोमीटरमध्ये घातली तर उत्तर हजारपट फुगतं. १८.२ वर जुळवायला १० नॅनोफॅरडच्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरपासून सुरुवात करा आणि कमीजास्त करत नेमकं जमवा.

चौकटीची कड दक्षिण-आग्नेयेकडे ठेवा. मुंबईहून केंद्र त्याच दिशेला, सुमारे १,३०० किमीवर आहे. सपाट बाजू तिकडे केलीत तर सिग्नल जवळपास नाहीसा होतो.

खरा त्रास गुणगुणीचा. लोकलच्या ओव्हरहेड तारेत २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि १८.२ किलोहर्ट्झ ही ५० ची बरोबर ३६४ वी पट. त्याहून जास्त छळतात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि मोबाइल चार्जर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, मग एकेक दिवा बंद करत स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेवर किती सिग्नल आहे त्याचा आलेख) पाहा. लिफ्टच्या मशीनरूमपासून चौकट शक्य तितकी लांब.

डोंबिवलीकर
आवर्तकालाची युक्ती वहीत लिहून घेतली. गच्चीवर मशीनरूम एका टोकाला आहे, चौकट दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी लावतो. टाकी सिंटेक्सची आहे, लोखंडी नाही.

लॅमिंग्टन_रोड
मग हरकत नाही. टाकीच्या लोखंडी स्टँडपासून दोन-तीन मीटर दूर ठेवा, नाहीतर कपॅसिटरने जमवलेली वारंवारता सरकेल.