कास पठार दोघांनी दिवसभर पायी बघायचंय: कोणता आठवडा, कोणती वाट?

रानवाट: आम्ही नवरा-बायको दोघंच जाणार आहोत. गडकिल्ल्यांची सवय आहे, पण हिचा गुडघा उतरणीला दुखतो. फुलं ओळखत निवांत चालायचंय. तारीख कशी ठरवावी? ठोसेघर आणि वजराई हे धबधबे त्याच दिवशी जमतील का? बूट आणि पावसाची तयारी काय ठेवावी?

जांभाखडक: तारीख कॅलेंडर बघून नाही, पाऊस बघून ठरवा. कासला जांभ्या खडकावर जेमतेम काही बोटं माती आहे. पाणी खाली मुरत नाही, साचून राहतं, आणि कुठलं फूल कधी येणार हे ते पाणीच ठरवतं. जुलै-ऑगस्टात चवर आणि डबक्यांतला वायतुरा. वायतुऱ्याचा तुरा वर दोन फाट्यांचा असतो, त्यावरून लगेच ओळखू येतो. गालिचे बघायचे असतील तर सप्टेंबरचा पहिला ते तिसरा आठवडा धरा: गुलाबी तेरडा, गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी पसरण. महिनाअखेरीकडे सोनकीचा पिवळा रंग चढतो. पाऊस लवकर उघडला की सगळ्यात आधी सीतेची आसवं जातात, कारण ती ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्मजीव पकडून जगतात. ओल गेली की संपलं. म्हणून आठवडाभर आधी पावसाचा अंदाज बघा. सलग आठ दिवस कोरडे दिसले तर बेत अलीकडे ओढा.

टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते. तिच्या भरवशावर जाऊ नका.

सड्यावरचा: नोंदणी ऑनलाइन करा आणि सोमवार ते गुरुवारच निवडा. दिवसाच्या पर्यटकसंख्येला मर्यादा आहे, त्यामुळे शनिवार-रविवार आधी भरतात. मिळाले तरी पायवाटांवर रांग लागते. सकाळचा पहिला स्लॉट घ्या. सातारा ते कास साधारण २५ किमी घाटरस्ता आहे, धुकं धरून एक तास ठेवा.

वाटेचं म्हणाल तर आधी पठारावरच्या आखलेल्या पायवाटा, मग जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तलाव आणि त्याच वाटेने परत. चाल बहुतेक सपाट आहे, गुडघ्याला सोयीची. कुमुदिनीची पांढरी फुलं पाण्यावर तरंगतात, पाकळ्यांच्या कडेला झालर असते. एक फूल एकच दिवस टिकतं, म्हणून तलावावर दुपार उलटायच्या आत पोचा.

ठोसेघर आणि वजराई त्या दिवशी नको. ठोसेघरला जायचं तर साताऱ्यापर्यंत परत उतरावं लागतं. वजराईच्या वाटेवर पावसात निसरडी चढउतार आहे, दुखऱ्या गुडघ्याला तीच बाधते. तीन ठिकाणं एका दिवसात कोंबली की फुलांसाठी तासभरही उरत नाही.

जांभाखडक: सहमत. आता बूट. खोल खाचांचा, मऊ रबराचा तळ हवा. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, त्यावर झिजलेला किंवा कडक प्लॅस्टिकचा तळ हमखास घसरतो. काठी न्या, पण टोकाला रबरी टोपी लावून. उघडं धातूचं टोक खडकावर सरकतं आणि मातीत भोकं पाडतं. छत्रीपेक्षा पोंचो बरा, सड्यावरचा, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरचा, वारा छत्री उलटी करतो. प्रत्येकी दोन लिटर पाणी, मोज्यांचा जादा जोड, टोपी. ऊन पडलं तर पठारावर सावली नाही.

वाट सोडू नका, एका फोटोसाठीसुद्धा नाही. पायाखाली माती दाबली गेली की तिथलं पाणी आणि बी दोन्ही जातं, आणि इतक्या पातळ थरात ती जागा भरून यायला फार काळ लागतो. बारीक फुलांसाठी वाटेच्या कडेलाच उकिडवं बसा. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब, मिकी माऊसच्या पिवळ्या फुलावरचे दोन लाल ठिपके हे सगळं हातभर अंतरावर दिसतं. मोबाइल असेल तर पुढे झुकण्याऐवजी दुप्पट झूम वापरा. १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तमच.

रानवाट: धुकं आलं तर थांबावं की परतावं? आणि नोंदणी मिळालीच नाही तर?

सड्यावरचा: धुक्यात थांबा. सकाळचं धुकं बरेचदा दोन-तीन तासांत उठतं. तोवर पायाजवळची फुलं बघा, राजमार्ग सोडून आडवं जाऊ नका, कारण सपाट सड्यावर खुणेचं काहीच दिसत नाही. विजेचं मात्र वेगळं आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर गडगडतात आणि उघड्या पठारावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. दीडच्या सुमारास परत फिरा. गडगडाट ऐकू आला तर त्याआधीच, आणि एकट्या झाडाखाली न थांबता थेट गाडीत.

नोंदणी नाही मिळाली तर चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार बघा. तोही जांभ्याचाच सडा, गर्दी कमी, गेंद आणि सीतेची आसवं तिथेही दिसतात. ठोसेघर त्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे धबधबा त्या दिवशी जोडता येईल. तिथे आखलेल्या वाटा कमी आहेत, म्हणून उघड्या खडकावर पाय ठेवत चाला, गवतात नको.