मागच्या विंगचं नक्की काय ठरलंय?

ए-१०२: काल मागच्या विंगच्या जिन्यात परत छताचा पोपडा पडला. मी स्वतः बघून आलो, सळई उघडी पडलीय, नखाने ओढलं तरी गंजाचे पापुद्रे निघतात. आणि कमिटी म्हणते तिथे एकट्या राहणाऱ्या, नोकरीवाल्या बायकांना कमी भाड्यात खोल्या देणार?? कोणाच्या डोक्यात पडलं तर जबाबदार कोण

सेक्रेटरी: नमस्कार. मीटिंगला आला असतात तर कळलं असतं. आधी दुरुस्ती, मग राहायला देणं. इमारतीच्या मजबुतीचा ऑडिट रिपोर्ट आलाय, कॉलम ठीक आहेत, बाथरूमच्या बाजूचे स्लॅब आणि दोन बीम खराब.

ए-४०१: पाण्याचं काय? आत्ताच पुरत नाही.

ए-१०२: मीटिंगची नोटीस लिफ्टमध्ये लावता, आम्ही तळमजल्यावाले लिफ्टने जातो का 😄

खजिनदार: मी तर म्हणतो पाडा आणि नवीन बांधा

बी-३०३: दादा नवीन बांधलं की तो खर्च भाड्यातूनच काढणार ना, मग परवडणारं काय राहिलं त्यात. फक्त रंगरंगोटीवर भागवू नका एवढंच. सळई गंजली की गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुगून फुटतं. वरून सिमेंट थापलं तर परत पडणारच. सैल झालंय ते सगळं फोडायचं, सळईच्या मागपर्यंत मोकळं करायचं, गंज घासायचा, बारीक झालेल्या सळईला जोड द्यायचा, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरायचं, आणि हे चालू असताना खालून टेकू. बाथरूम आहेत तिथेच राहू देत, प्रत्येकीला वेगळं द्यायला गेलात की नवीन पाइप आणि स्लॅबला नवीन भोकं. खोल्यांचे भाग पाडताना पण विटांची भिंत नको, हलकं पार्टिशन घाला, स्लॅब जुना आहे.

ए-४०१: पाण्याचं कोणी बोलत नाही.

बी-१०१: सगळं ठीक आहे पण नियम हवेत. रात्री १० नंतर त्या विंगचं गेट बंद. त्यांच्याच सुरक्षेसाठी म्हणतेय.

बी-२०४: काकू माझी ड्युटी रात्री २ ला सुटते. मला पण बाहेरच ठेवणार का? सुरक्षाच हवी असेल तर त्या जिन्यातला दिवा लावा आधी, कधीपासून सांगतेय. दाराला आतून नीट कडी, बाहेर कोण आहे ते दिसायला भोक. आणि वायरिंग पूर्ण नवीन, तिथे अर्थिंगच नाहीये, गिझरला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणे. ३० मिलिअँपिअर करंट गळला की ट्रिप होणारा ब्रेकर बसवा.

बी-१०१: मी काळजीपोटी बोलले. राहिलं.

ए-१०२: जिन्याचा विषय निघालाच आहे तर ३०१ चं चपलांचं कपाट. आग लागली तर पळायचं कुठून?

ए-३०१: आमचं कपाट ९ इंचाचं आहे. तुमची सायकल बघा आधी. 🙏

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला.

मागची विंग-५: मी सहसा लिहीत नाही. त्या विंगमध्ये आम्ही चौघी अजून राहतो, हे कोणी विचारात घेतलंय का? काम चालू असताना जायचं कुठे? आणि परत आल्यावर भाडं तेच राहील हे तोंडी नको, लेखी द्या. मागे पण "दोन महिन्यांत परत बोलावू" म्हणून वरच्या ताईंना काढलं, त्या खोलीला आजपर्यंत कुलूप आहे.

बी-३०३: ताई बरोबर आहे तुमचं. एका वेळी एकच उभी लाइन, म्हणजे एकावर एक असलेल्या खोल्या, घ्या सेक्रेटरीसाहेब, ती बाजू झाली की तिकडे हलवायचं, मग दुसरी. वेळ लागेल, पण कोणाला बाहेर पडायला नको.

सेक्रेटरी: घेतो मीटिंगला. लेखीचंही.

ए-४०१: पाण्याचं काय???

मागची विंग-५: काका, वरची टाकी आत्ता भरून वाहतेय. रोजच वाहते. ते सगळं आमच्या बाथरूमच्या भिंतीवरून उतरतं, रिपोर्टात ओल लिहिलीय ती हीच. आज पंपाची पाळी तुमची आहे ना?

बी-२०४: 😂😂

ए-४०१: हा मेसेज डिलीट केला आहे

ए-४०१: जातोय