मदत हवी आहे: थायरॉईड कॅन्सर, चार आठवडे गोळी बंद करून टेस्ट

नमस्कार. आईसाठी विचारतेय. वय ५८, राहायला मालवणजवळ.

दोन वर्षांपूर्वी पॅपिलरी थायरॉईड कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पूर्ण ग्रंथी काढली, मग मुंबईला आयोडीन-१३१ चा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा डोस. तेव्हापासून रोज उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, काढलेल्या ग्रंथीच्या हार्मोनची भरपाई म्हणून. आता सोनोग्राफीत मानेत एक छोटी गाठ दिसली, पण रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन) अगदी कमी. डॉक्टर म्हणाले, गोळीमुळे टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या पेशींना चालना देणारा हार्मोन, दाबलेला राहतो, त्यामुळे कुठे उरल्यासुरल्या पेशी असल्या तरी त्या गप्प बसतात. म्हणून गोळी थांबवून टीएसएच ३० च्या वर जाऊ द्यायचा, मग थायरोग्लोब्युलिन, त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज आणि पूर्ण अंगाचा आयोडीन स्कॅन.

कारण पटलं, पण ते चार आठवडे नकोसे वाटतात. डोसच्या आधीही असंच केलं होतं. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, भर मे महिन्यात गोधडी घेऊन बसायची. गॅसवर दूध ठेवून विसरायची. मला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली, ते अजून डोक्यातून जात नाही.

गोळी चालू ठेवून इंजेक्शन देतात म्हणे. कुणी घेतलंय का? आणि स्कॅनआधी दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण, म्हणजे मासे बंद. आई म्हणते, "माशांशिवाय माका जेवण जाणा नाय." वर तिचा दावा की शिरोड्याच्या मिठागरातलं खडे मीठ चालेल, त्यात कुठे आयोडीन घालतात?

प्रतिसाद १
माझ्या नवऱ्याने इंजेक्शन घेतलं. त्यात टीएसएचच असतो, प्रयोगशाळेत बनवलेला. ०.९ मिग्रॅ, लागोपाठ दोन दिवस. सोमवार-मंगळवार इंजेक्शन, बुधवारी आयोडीन, शुक्रवारी रक्त आणि स्कॅन. आठवडाभर मुंबईत मुक्काम धरा. महाग आहे, किंमत आधी विचारा. पण गडी तिसऱ्या दिवशी दादरला भाजी आणायला गेला होता!

मीठ: आम्हाला दिलेल्या यादीत समुद्री मीठही बाद होतं. दूध, दही, अंड्याचा पिवळा बलकही. भात, डाळ, ताज्या भाज्या, खोबरं चाललं. नुसतं रक्त तपासायचं असेल, स्कॅन नसेल, तर हे पथ्य लागत नाही. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, रिपोर्ट चुकतो.

प्रतिसाद २
अँटीबॉडीजचा रिपोर्ट नीट बघा. त्या असतील तर थायरोग्लोब्युलिन खोटंच कमी दिसू शकतं, मग टीएसएच कितीही वाढवा, तो आकडा भरवशाचा नाही. आणि गाठ सोनोग्राफीत दिसतेच आहे, तर सुईने तपासली का? सुई धुतलेल्या पाण्यातही थायरोग्लोब्युलिन मोजतात. गाठ फारच लहान असेल तर कधी नुसती नजर ठेवतात, पण विचारून घ्या. माझ्या बहिणीचा निकाल सुईनेच लागला, गोळी एक दिवसही थांबली नाही. अलीकडे सीटी स्कॅन झाला असेल तर तेही सांगा, त्यासाठी शिरेतून औषध दिलं असेल तर त्यात भरपूर आयोडीन असतं, आयोडीन स्कॅन लांबवावा लागतो.

धागाकर्ती
दोघांचे आभार. सुईचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. जुन्या फायलीत अँटीबॉडीज तपासल्याचं दिसत नाही. सोमवारी फोन करते, तोवर गोळी चालूच. मिठाचं आईला सांगितलं, तर म्हणाली, "मगे मीठच नको, सोलां घाल."