जावासाठी हलकी डिपेंडन्सी इंजेक्शन लायब्ररी सुचवा

काटापावती_वणी:
नमस्कार मंडळी. आमच्याकडील एका जिनिंगसाठी मी वजनकाट्याच्या पावतीचा प्रोग्राम जावामध्ये लिहीत आहे. पावतीचा वर्ग (क्लास) काट्याचा ऑब्जेक्ट स्वतःच तयार करतो आणि तो ऑब्जेक्ट सिरियल पोर्टवर काटा शोधत बसतो, त्यामुळे घरी, जिथे काटा नाही, मला एकही चाचणी घेता येत नाही. एकूण चौदा वर्ग आहेत. तिथला संगणक दोन जीबी रॅमचा असून इंटरनेट नाही. म्हणून डिपेंडन्सी इंजेक्शनची, म्हणजे वर्गाला लागणारे ऑब्जेक्ट बाहेरून देणारी, अर्ध्या एमबीच्या आतली, एकाच जार फाइलची (जावाचा तयार कोड असलेली फाइल) लायब्ररी हवी आहे.

जावा_पुसद:
स्प्रिंग फ्रेमवर्कच घ्यावे. माझे तिन्ही प्रोग्राम त्यावरच चालतात आणि पुढे वेब लागले तरी काही बदलावे लागत नाही. मालकांना आठ जीबीचा संगणक घ्यायला सांगा.

दिग्रस_कोड:
स्प्रिंग जड आहे. गुगलने 2007 मध्ये खुले केलेले ज्यूस (Guice) वापरा. जोडणीसाठी एक्सएमएल फाइल लिहावी लागत नाही.

मारेगाव७२:
ज्यूससोबत ग्वाव्हा या गुगलच्याच दुसऱ्या लायब्ररीची जार येते आणि तीच सुमारे तीन एमबीची आहे, हे दादांनी सांगायला हवे होते. मी स्वतः ज्यूस वापरून पोळलो आहे. एक बाइंडिंग (कुठे कोणता ऑब्जेक्ट द्यायचा ती नोंद) लिहायचे राहिले, प्रोग्राम व्यवस्थित सुरू झाला, पण हंगामात पहिली परतपावती काढताच तो बंद पडला आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. डॅगर ही लायब्ररी घ्या, ती जोडणीचा कोड कंपाइल होतानाच तयार करते आणि काही राहिले असेल तर तिथेच अडवते.

दिग्रस_कोड:
चूक बाइंडिंग विसरण्याची होती, ज्यूसची नव्हे. शिवाय फील्डवर (वर्गातल्या व्हेरिएबलवर) इंजेक्ट लिहिले की कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) लांबत नाही.

मारेगाव७२:
फील्डमध्ये इंजेक्ट केले की वर्गाला काय लागते ते बाहेरून दिसत नाही आणि ते फील्ड फायनल (नंतर न बदलणारे) ठेवता येत नाही. कन्स्ट्रक्टर लांबला, तर त्या वर्गावर कामे जास्त झाली आहेत असे समजावे.

कोटलिन_आर्णी:
कोटलिन भाषेतले कोइन फार सोपे आहे. कोटलिन शिकून घ्या.

जावा_पुसद:
मी आधीच सांगितले आहे, स्प्रिंग घ्या.

काटापावती_वणी:
सर्वांचे आभार. मी एकही लायब्ररी घेतली नाही. मारेगावच्या भाऊंचे कन्स्ट्रक्टरचे म्हणणे पटले, म्हणून प्रत्येक वर्गाला जे लागते ते कन्स्ट्रक्टरमधून घ्यायला लावले आणि चौदाही ऑब्जेक्ट मुख्य वर्गात एकाखाली एक हातानेच जोडले. एखादा राहिला तर कंपायलरच थांबवतो. काट्याचा इंटरफेस (कोणती कामे करायची ते ठरवणारा साचा) केला असून घरी त्याच जागी नकली काटा देतो. काल रात्री त्याने भरलेली ट्रॉली 58.40 क्विंटल आणि रिकामी 33.90 सांगितली, आणि पावतीवर निव्वळ कापूस 24.50 क्विंटल बरोबर छापून आला.