अनुभव धागा : आपल्याकडं बनलेलं, आपल्या टीव्हीवर

रंकाळ्याकाठची
मोबाईलमध्ये कोरियन, तुर्की, पाहिजे ती मालिका आहे. तरी आमच्या घरी रात्री रिमोटवरून भांडण होतं ते मराठीसाठीच. त्यातही कोल्हापूर दिसलं की आई फोडणी टाकायची सोडून येते, "ह्यो भवानी मंडप न्हवं?" ही भूक गेल्या काही वर्षांत वाढलीय असं मला वाटतं. 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट प्रभातनं 1932 साली इथंच केला. खरं तर त्या गावाला कॅमेऱ्याचं नवल नसावं. पण आहे! बघणारे, बनवणारे, घर भाड्यानं देणारे, सगळ्यांनी लिहा. टीआरपीवर भाषण नको, स्वतःचं सांगा.

करवीरचा मास्तर
'तुझ्यात जीव रंगला' 2016 ते 2021 चाललं. त्याचं शूटिंग झालेला वसगड्यातला वाडा बघायला लोक लांबलांबून गाड्या करून यायचे आणि वाटेत आमच्याकडं रस्ता विचारायचे. नंतर नंतर तर आमची पोरं गाडीची काच खाली व्हायच्या आधीच हात करून दाखवायची. त्यानंतर ह्या भागात 'लोकेशन बघायला' येणाऱ्यांची रीघ लागली. अशाच एका मालिकेनं आमचं जुनं घर थोडे दिवस घेतलं. नाव सांगत नाही.

जनरेटरची गाडी बोळात शिरेना, म्हणून देवळापाशी लावून तिथून वायर ओढली. सोप्यातलं साखर कारखान्याचं कॅलेंडर उतरवलं, कारण नाव दिसायला नको. त्याच्या मागं भिंतीचा मूळ रंग चौकोनी उघडा पडला, तो झाकायला त्यांनी सूप टांगलं. आमच्या सोप्यात आजवर कधी सूप टांगलेलं नाही. पण टीव्हीवर बघून पै-पावणे म्हणाले, "जुनं वळण काय छान जपलंय तुम्ही!"

आवाजाचं तर विचारूच नका. गळीत हंगाम सुरू होता. नायिका माहेर सोडून निघालीय, डोळ्यांत ग्लिसरीन, आणि रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, डेक फुल्ल सोडून चाललाय. साऊंडवाल्यानं हेडफोन काढून कपाळाला हात लावला. शेवटी आमच्या तात्यांनी वळणावर एक पोरगं उभं केलं. ट्रॅक्टर दिसला की त्यानं टॉवेल हलवायचा, की इकडं सगळं थांबवायचं. त्या युनिटात सगळ्यात कामाचा माणूस तोच होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्रार एकच. ह्यांच्या मालिकेतला कोल्हापूरकर रोज तांबडा-पांढरा ओरपतो. अहो, आमच्याकडं मटण रविवारी. बाकी दिवस आमटी-भात आणि भाकरी.

केबलवाला भाऊ
2019 ला ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांना नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आला, गिऱ्हाइकानं चॅनेल निवडून तेवढ्याचेच पैसे भरायचे. तेव्हा राजारामपुरीत दारोदार फॉर्म भरून घेत फिरलोय. लोकांनी इंग्रजी काढलं, हिंदी पिक्चरची चॅनेलं काढली. मराठी सिरीयलला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आता नवीन जोडपी बॉक्सच परत देतात, "वायफाय तेवढं ठेवा." म्हणून मी वायफायही विकतो. त्यांच्याकडं रात्री चालू असतं तेच, फक्त ॲपवर. नेट गेलं की फोन येतो, "पोराचा अभ्यास अडलाय हो." बरोबर भागाच्या वेळेलाच कसा अडतो, देव जाणे.

पेठेतली, सध्या बंगळुरू
माझ्यासाठी आपल्याकडचा टीव्ही म्हणजे सिरीयल नव्हेच. शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच यूट्यूबवर लाइव्ह, पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी मंडळ. बॉल मधेच कुणाच्या तरी डोक्याआड जातो, कॉमेंट्रीवाला निम्मा वेळ प्रेक्षकांनाच दम देत असतो. ऑफिसात सगळे युरोपातल्या क्लबांवर बोलतात आणि मी हेडफोन लावून आपल्या गोलकीपरला शिव्या घालतो. नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सवही असाच बघतो. मावळतीची किरणं देवीच्या पायाशी आली, गुडघ्यापर्यंत चढली, कमरेला पोचणार तेवढ्यात ढग! चॅटमध्ये जिथं जिथं कोल्हापूरकर आहे तिथून एकदम "अर्रर्र". असलं कुठला लेखक लिहिणार?

आजरेकर
मला हे गावप्रेम जरा जास्त वाटतं. आमची पोरं मल्याळम पिक्चर सबटायटल वाचत बघतात. त्यातलं गाव त्यांच्या ओळखीचं नाही, तरी उठत नाहीत, कारण गोष्ट धरून ठेवते. आपल्याकडं रंकाळा दाखवला की काम झालं, असं समजतात.

हौशी नट
आजरेकर, मुद्दा बरोबर आहे, पण गोष्ट लिहायला इथल्या माणसाला बोलावतो कोण? मी राज्य नाट्य स्पर्धेत काम करतो. मोरेवाडीला चित्रनगरीत काही मालिकांत उभा राहिलोय. लीड मुंबई-पुण्याचे, आम्ही तलाठी, हवालदार, नाहीतर पुजारी. एका सेटवर मला जे वाक्य दिलं होतं तसं आपल्याकडं कुणी बोलत नाही. मी आपल्या पद्धतीनं म्हटलं. डायरेक्टर खूश. त्या दिवसापासून, "दादा, बाकीच्यांचीपण भाषा जरा बघा ना." बघितली. सकाळी सातला बोलवायचे, माझा शॉट दिवे लागल्यावर. मधल्या वेळात सगळ्यांचे संवाद दुरुस्त करत बसायचो. त्याचे वेगळे पैसे नाहीत, टायटलात नाव नाही. तलाठ्याचे पैसे आले, तेही तीन महिन्यांनी.

म्हणजे बघणाऱ्याला इथलं पाहिजे हे मुंबईला नीट कळलंय. त्यासाठी घर घेतात, भाषा घेतात, पण कागद-पेन तिकडंच ठेवतात. 'चांडाळ चौकडीच्या करामती' बघा, बारामतीकडची मंडळी. गावातली माणसं, गावातले प्रसंग, थेट यूट्यूबवर. कुणाच्या चॅनेलची वाट बघितली नाही.

रंकाळ्याकाठची
मग तुम्ही का करत नाही?

हौशी नट
करतोय की. आम्ही चौघं, कॅमेरा एका लग्नाच्या फोटोग्राफरचा, त्याला तारखा नसतील तेव्हाच शूटिंग. त्यामुळं लग्नसराईत आमचं सगळं बंद. पहिल्या भागाचं एडिटिंग चालू आहे. दुसऱ्यासाठी कागल-मुरगूडकडं गोठा पाहिजे, म्हशीसकट. दिवसाचं भाडं देऊ, जेवण आमचं. फक्त लाथ मारणारी म्हैस नको, पुजाऱ्याच्या पार्टात मीच आहे.