बीटा ब्लॉकर : रोज घेता की लागेल तेव्हाच? तुमचे अनुभव सांगा

सुरुवात माझ्यापासून करते. पीएचडीचा व्हायवा होता, समोर बाहेरून आलेले परीक्षक, आणि माझ्या हातातल्या पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर इतका नाचत होता की शेवटी पॉइंटर टेबलावर ठेवला आणि बोटाने दाखवायला लागले. उत्तरं सगळी येत होती मला, पण घशाला कोरड, आवाज चिरका, छातीत धडधड एवढी की वाटलं समोरच्यांना ऐकू जातेय. नंतर लेक्चरर म्हणून लागले, वर्गात काही होत नाही, पण सेमिनार किंवा इंटरव्ह्यू आला की पुन्हा तेच. डॉक्टरांनी नाडी, बीपी बघितलं, ईसीजी काढला, दमा आहे का विचारलं आणि प्रोप्रॅनॉलॉल १० मिलिग्रॅम दिली (हेच बीटा ब्लॉकर, धडधड आणि थरथर कमी करणारी गोळी), ती पण फक्त लागेल तेव्हा. मी पाऊण तास आधी घेते. वर्षातून आठ-दहा वेळा फार तर. भीती डोक्यात असतेच, पण हात थरथरत नाही, आणि आपलाच आवाज स्थिर ऐकू आला की मग डोकंही हळूहळू शांत होतं, हा माझा अनुभव.

घरी मात्र बीपीची गोळी म्हणून सांगितलंय, कारण मनाच्या गोळीचं नाव काढलं की सासूबाई रात्रभर झोपणार नाहीत. म्हणून इथे मोकळेपणाने बोलूया. एकच विनंती, दुसऱ्याला डोस सुचवू नका, आपला फक्त सांगा.

व्हायोलिन वाजवतो, मिरज
ताई, धागा काढलात फार बरं झालं. आमच्यात हे सगळे लपवतात. आमचं दुखणं उजव्या हातात असतं, लांब स्वर लावताना गज जरा थरथरला की तो थरथराट माईकमधून मागच्या रांगेपर्यंत जातो, आणि तो ऐकून अजून थरथरायला होतं. हे काही आजचं नाही, १९७७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २४ वादकांवरचा अभ्यास आला होता, त्यात याच जातीचं ऑक्सप्रेनोलॉल दिलं होतं आणि वादन सुधारलं होतं. मला पहिल्यांदा ४० दिली होती. हात दगडासारखा स्थिर, पण वाजवताना आतून काही उसळलंच नाही, द्रुत लयीत जो एक कैफ चढतो तो चढलाच नाही. डॉक्टरांशी बोलून १० वर आलो, आता दोन्ही सांभाळलं जातं. आणि नवीन माणसाने पहिली गोळी कार्यक्रमाच्या दिवशी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. घरी रियाजाला घेऊन बघा, चक्कर येते का, अंग गळतं का ते कळतं. गोळीवर वाजवणं म्हणजे फसवणूक का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. आता नाही छळत, सूर मीच लावतो.

ठाणे, वय २९
मला लहानपणी बालदमा होता, कॉलेजनंतर इन्हेलर सुटलाच होता म्हणून मी तो विसरूनही गेलो होतो. इंटरव्ह्यूच्या आधी मित्राने त्याची गोळी दिली, अरे काही होत नाही, हार्टची साधी गोळी आहे. तासाभरात छाती आवळायला लागली, शिट्टीसारखा आवाज, बॅगेत जुना इन्हेलर होता तो मारला तर त्याचाही म्हणावा तसा फरक पडेना. रिक्षा करून दवाखाना गाठला, तिथे नेब्युलायझर, इंजेक्शन. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयावर जसे बीटा रिसेप्टर (औषध जिथे जाऊन बसतं त्या जागा) असतात तसे श्वासनळ्यांवरही असतात, आपला इन्हेलर जिथे जाऊन काम करतो ती जागाच या गोळीने अडवलेली असते. मित्राची काही चूक नाही, त्याला माहीतच नव्हतं, मलाही नव्हतं. दमा असलेल्याने, पूर्वी असलेल्याने सुद्धा, डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हात लावू नका ओ.

बंगळुरूला असते, मूळची सातारची
मी रोजवाली. मायग्रेनसाठी सुरू झाली, ४० ची लाँग ॲक्टिंग, डोकेदुखी महिन्यातून सहा-सात वेळा व्हायची ती एकदा-दोनदावर आली आणि मीटिंगमधली धडधड पण गेली, हा वरचा फायदा. त्रास पण सांगते, बोटं कायम गार, पहिले दोन महिने इतकी खरीखुरी स्वप्नं पडायची की सकाळी उठून दमलेली असायचे, आणि राजगड चढताना जाणवलं की पाय तयार आहेत पण हृदय वेगच घेत नाही, दर पन्नास पावलांवर बसावं लागलं. पण मुख्य सांगायचंय ते वेगळंच. गणपतीला गावी गेले आणि गोळ्या इकडेच राहिल्या. म्हटलं चार दिवसांनी काय होतंय. दुसऱ्याच दिवशी नुसतं बसलेलं असताना नाडी ११५, हात थरथर, वाटलं काहीतरी भयंकर झालंय. रोजची गोळी अशी तडकाफडकी सोडायची नसते, हे मला कोणी बजावून सांगितलं नव्हतं की मी नीट ऐकलं नव्हतं, देव जाणे. आता बंद करतेय तर कितीतरी आठवडे, थोडी थोडी कमी करत.

गृहिणी, जळगाव
मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मिस्टर गेल्यावर मला घाबरल्यासारखं व्हायचं, झोप नाही. एकांनी गोळी लिहून दिली, धडधडीची आहे म्हणाले. फरक पडला म्हणून तीच चिठ्ठी दाखवून दोन वर्षं दुकानातून आणत राहिले, परत तपासायला गेलेच नाही. एकदा बंद करून पाहिली तर तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, जीव नुसता कासावीस. भाचा फार्मसीला आहे, त्याने पट्टी उलटी करून वाचली तर त्यात प्रोप्रॅनॉलॉल होतंच पण सोबत क्लोनाझेपाम हे सवय लागणारं, मन शांत करणारं औषधही होतं, एकाच गोळीत दोन औषधं. सवय लागली होती ती त्या दुसऱ्याची. मानसोपचार डॉक्टरांनी पाच महिने लावून सोडवली. मला कोणावर राग काढायचा नाही, पण आपण जे रोज गिळतोय त्यात काय काय आहे हे विचारायला मी लाजले, एवढं मात्र खरं.

नाशिक
मला उपयोग नाही झाला. माझी चिंता म्हणजे धडधड नाहीच मुळी, पहाटे तीनला जाग येऊन मुलाची फी, घराचा हप्ता, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन असं चक्र चालू. गोळीने नाडी ६० झाली आणि विचार तसेच्या तसे. मग काउन्सेलिंग आणि वेगळं रोजचं औषध, त्याने सहा-सात आठवड्यांत फरक पडला.

रायफल शूटिंग शिकवतो, कोल्हापूर
२०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ आणलं तेव्हापासून रेंजवर पोरांची गर्दी आहे, आणि हाताची थरथर थांबवायची गोळी कुठली असं विचारणारे पालक पण आलेत. त्यांच्यासाठी लिहितोय. नेमबाजी आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकर हे डोपिंग धरलं जातं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची रौप्य आणि ब्राँझ दोन्ही पदकं प्रोप्रॅनॉलॉल सापडल्यामुळे काढून घेतली. स्पर्धा खेळणाऱ्या पोराला दुसऱ्या कारणासाठी जरी डॉक्टरांनी दिली तरी आधी कोचला सांगा.

पुणे
आईला शुगर आहे, इन्सुलिनवर. तिला ही गोळी चालू असताना शुगर खाली गेली तर नेहमीची थरथर, धडधड झालीच नाही, फक्त दरदरून घाम. नशीब घामावरून माझ्या बायकोला शंका आली आणि तिने मशीनवर बघितलं, ४८. साखरपाणी दिलं. शुगरवाल्यांनी घामाकडे लक्ष ठेवा.

धागाकर्ती
सगळ्यांचं दोनदा वाचलं. जळगावच्या ताईंचं वाचून उठले आणि माझी पट्टी उलटी करून पाहिली, फक्त प्रोप्रॅनॉलॉलच आहे. पण ठाण्याच्या दादांचं वाचून पोटात गोळा आला. मागच्या महिन्यात नॅक कमिटीच्या (कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या समितीच्या) भेटीच्या दिवशी स्टाफरूममध्ये एक मैत्रीण रडकुंडीला आली होती, तर मी पर्समधून माझी एक गोळी काढून दिली होती तिला. आत्ताच फोन केला. तिला दमा नाही, शुगर नाही, बरी आहे ती. मी तेव्हा यातलं काहीच विचारलं नव्हतं.